गाय आधी मागून उठते

सप्टेंबरात आईला फोनवर सांगितलं, यंदाच्या नाटकात मी गाईचे मागचे पाय करतेय. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेच्यात तुका बोलूक काय आसा?"

बोलायला काहीच नाही. सहा प्रयोग, दर प्रयोगात गाईचे चार प्रवेश, त्यातला सगळ्यात मोठा नऊ मिनिटांचा, आणि माझ्या तोंडी एक अक्षर नाही. तरी आजवर एखाद्या भूमिकेवर इतकं काम मी केलेलं नाही. परवा रविवारी शेवटचा प्रयोग झाला. पाठ अजून दुखतेय, तोवरच सगळं लिहून ठेवते.

मी यॉर्कशरमधल्या एका लहानशा गावात राहते, जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलात नर्स आहे. इथल्या हौशी नाटकमंडळीत मला आठ वर्षं झाली. मंडळी वर्षाला तीन नाटकं करते आणि डिसेंबरातला पँटो हे त्यातलं सगळ्यात मोठं. गावाच्या सभागृहात एकशेसाठ खुर्च्या मावतात, त्या वर्षातून एकदाच, पँटोलाच भरतात. वसंतात आम्ही जे गंभीर नाटक करतो त्याचं भाडं आणि त्याच्या प्रयोगहक्कांचे पैसे याच तिकिटांतून निघतात.

मराठीत पँटोमाइम म्हटलं की मूकाभिनय डोळ्यांसमोर येतो. पांढरा चेहरा, हवेतली भिंत चाचपणारे हात. ब्रिटनमधला नाताळचा पँटो याच्या अगदी उलट आहे. इथे रंगमंचावरचे जितके ओरडतात त्याच्या दुप्पट समोरचे ओरडतात. सिंड्रेला, अलाद्दीन, जॅक आणि त्याचा आभाळापर्यंत गेलेला वेल, अशा सात-आठ ठरलेल्या गोष्टी. यंदा आमची जॅकची होती. नायक बहुधा एखादी मुलगी करते, नायकाची आई पुरुष करतो, खलपुरुष आला की पोरं हुर्यो करतात, आणि त्यात गाणी, गावातल्या खड्ड्यांवरचे टोमणे, साबणाचा फेस, सगळं असतं.

नाव मात्र खरंच मुक्या काळातलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्सच्या थिएटरात जॉन रिच नावाचा नट हार्लेक्विनची भूमिका एकही शब्द न उच्चारता करायचा. हार्लेक्विन हा इटलीतल्या मुखवट्यांच्या नाटकातून आलेला खोडकर नोकर. त्याच्या हातात दोन फळ्यांची एक पट्टी असे. मारली की फटकन आवाज व्हायचा, लागायचं मात्र थोडंच. स्लॅपस्टिक हा शब्द त्या पट्टीचा. मग जोसेफ ग्रिमाल्डी आला आणि त्याच्या विदूषकानं हार्लेक्विनला मागे टाकलं. १८०६ साली कॉव्हेंट गार्डनला त्यानं जो पँटो केला त्याचं नाव आमच्यातली जुनी माणसं अजून आदरानं घेतात. १८४३ च्या कायद्यानं बोलकी नाटकं करण्याची मोजक्या थिएटरांची मक्तेदारी संपली, आणि पँटोला जी वाचा फुटली ती अजून थांबलेली नाही. त्याच शतकाच्या शेवटी लंडनच्याच ड्रुरी लेन थिएटरच्या ऑगस्टस हॅरिसनं म्युझिक हॉलमधले, म्हणजे गाणी आणि नकलांच्या कार्यक्रमांतले, लोकप्रिय नट पँटोत आणले. त्यातला डॅन लेनो हा आजच्या सगळ्या डेमांचा मूळपुरुष.

डेम म्हणजे ती पुरुषानं केलेली आई. पहिल्या वर्षी मी तिला विंगेतून पाहिलं आणि मनात म्हटलं, अरे, ही तर आपली मावशी! तमाशाच्या गवळणीत कृष्णाची वाट अडवणारी, डोक्यावरून पदर घेतलेली, आवाज न बदलता बोलणारी. आमची डेम गेली अकरा वर्षं एक प्लंबर करतो. सहा फूट उंच, हात फावड्यासारखे. त्याचं म्हणणं असं की डेमनं कधीही पूर्ण बाई होऊ नये. झग्याखाली बूट दिसले पाहिजेत, लाली गालाच्या बाहेर गेली पाहिजे. पोरांना आत माणूस आहे हे कळत राहिलं तरच ती त्याच्यावर मोकळेपणी प्रेम करतात.

मी कुडाळ तालुक्यातली. आमच्याकडे दशावतारात राणी पुरुषच होतो, पण तो पूर्ण राणी होतो, लुगड्याच्या निरीपासून बोटांच्या टोकापर्यंत. प्लंबरला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ विचार करत बसला. "ते मला जमणार नाही," म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आदर होता.

आता गाय. एका कातड्यात दोघी शिरतात, एक पुढचे पाय होते, दुसरी तिच्यामागे वाकून मागचे.

आमच्या गाईचं कातडं मंडळीतल्या एका बाईंनी वीस वर्षांपूर्वी शिवलं. त्या आता नाहीत. बाहेरून सोफ्याचं जाड तपकिरी-पांढरं कापड, आत फोमच्या पट्ट्या, डोकं फोमचं, पोटाखाली लांब चेन. अस्तरावर आजवरच्या सगळ्या पुढच्या-मागच्या जोड्यांनी मार्करनं नावं लिहिली आहेत. पुढचीच्या हातात तीन दोऱ्या असतात: पापण्यांची, कानांची आणि जबड्याची. मागचीकडे एकच, शेपटीची.

माझी पुढची म्हणजे गावातली निवृत्त टपालवाली. तीस वर्षं तिनं चढउताराच्या रस्त्यांवर चालत टपाल वाटलं, त्यामुळे तिची पावलं घड्याळासारखी पडतात. मला त्याचाच आधार. आत गेलं की मला दिसतात फक्त तिच्या टाचा, ज्यांवर आम्ही पांढरी चिकटपट्टी लावली होती, आणि पोटाच्या चेनमधून येणारी उजेडाची एक रेघ. कमरेला तिनं एक रुंद पट्टा बांधलेला, तो मी दोन्ही हातांनी धरायचा. बाकी सगळं त्या पट्ट्यातून कळून घ्यायचं. ती हसली की पट्टा थरथरतो. ती वळणार असली की वळायच्या आधी एक श्वास घेते आणि पट्टा किंचित वर उचलला जातो. हे मला चौथ्या तालमीला कळलं. त्यानंतर आम्ही एकमेकींवर आदळलो नाही.

वाकण्याचंही शास्त्र आहे. पेशंट उचलताना आम्हाला जे शिकवतात तेच इथे चालतं. पाठ गोल करायची नाही, कमरेखाली जिथे मांडी धडाला जोडली जाते तिथून वाकायचं आणि गुडघे मोकळे ठेवायचे. माझ्या आधीच्या दोघांनी एका हंगामानंतर हे काम सोडलं होतं. दोघंही पाठ गोल करायचे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही दोघी पुढचीच्या भावाच्या गोठ्यावर गेलो. त्याच्या दुभत्या गाई तेव्हा अजून कुरणात होत्या, थंडी वाढली की आत घेतात. दोन तास कुंपणापाशी उभं राहून आम्ही फक्त पाय बघितले. गाय चालते तेव्हा पाऊल मागून सुरू होतं. मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, पुढचा उजवा. तोवर आम्ही दोघी तालमीत एकाच वेळी डावा-डावा, उजवा-उजवा टाकत होतो, आणि का कोण जाणे, गाय ऐवजी टेबल चालल्यासारखं दिसायचं. मग ठरलं की मी सुरुवात करायची आणि पुढचीनं अर्ध्या मात्रेनं मागून यायचं. मागच्या पायांनी पुढच्यांना चालवायचं! टपालवाली तीस वर्षं कुणाच्या मागून चालली नव्हती. तिला हे अंगवळणी पडायला दोन आठवडे लागले, पण एकदा बसल्यावर दिग्दर्शिकेनं तालीम थांबवून सगळ्यांना समोर बसवलं आणि आम्हाला नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. काहीही केलं नाही आम्ही, नुसत्या चाललो, आणि माणसं हसू लागली, मग हसायची थांबली आणि बघत राहिली.

दुसरी गोष्ट उठण्याची. पहिल्या अंकात गाय गोठ्यात बसलेली असते आणि जॅक तिला उठवतो. दिग्दर्शिकेनं बसवलं होतं की आधी डोकं वर येईल, मग पुढचे पाय, मग मागचे. मी आतून म्हटलं, "गाय अशी उठत नाही." कातड्यातून बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. बाहेर येऊन परत सांगितलं. घोडा पुढचे पाय टाकून उठतो. गाय आधी मागचं अंग वर करते, क्षणभर पुढचे गुडघे जमिनीवर ठेवून तशीच थांबते, आणि मग पुढून उभी राहते. बसताना पुढचे गुडघे आधी टेकते. आमच्या गोठ्यात मी हे हजारदा पाहिलंय. लहानपणी पहाटे धारेच्या वेळी आजी मला बाजूला ओढून म्हणायची, "गाय मागसून उठता, गो. मागे उभा ऱ्हवा नको."

दिग्दर्शिका शाळेत शिकवते, तिला पुरावा लागतो. तिनं फोनवर गाई उठतानाचे चार व्हिडिओ पाहिले आणि प्रवेश बदलला. आता जॅक हाक मारतो, डोकं हलत नाही, डोळे मिटलेलेच, आणि एकदम मागचं अंग वर येतं. पोरांना हे इतकं आवडलं की बुधवारी पहिल्याच प्रयोगात त्या उठण्याला टाळी पडली. मला आत अंधारात आधी कळलंच नाही टाळी कशाला पडली ते.

तालमी तीन महिने चालतात, मंगळवार, गुरुवार आणि रविवार दुपार. पँटोच्या तालमीत एक विचित्र उणीव असते: अर्धं नाटक तिथे नसतंच. संहितेत जागोजागी लिहिलेलं असतं की इथे प्रेक्षक ओरडतील. "ओह नो इट इझंट!" म्हटलं की समोरून "ओह येस इट इज!" यायला हवं. भूत डेमच्या पाठीशी उभं राहिलं की "इट्स बिहाइंड यू!" यायला हवं. तालमीत त्या जागी असते रिकामी खुर्च्यांची रांग, आणि पुस्तक घेऊन बसलेली आमची सत्तरीची प्रॉम्प्टर एकटीच, लोकरीची टोपी घालून, पूर्ण जोर लावून ओरडते. तिच्या एकटीच्या आवाजावर नट आपापले थांबे मोजतात. मला वाटतं या साऱ्या प्रकारात सगळ्यात निष्ठेचं काम तिचं आहे. प्रयोगाच्या दिवशी तिला एक शब्दही मोठ्यानं बोलता येत नाही.

मुलांची दोन पथकं असतात, बारा-बारा जणांची, आळीपाळीनं प्रयोग करणारी. कायद्यानं एका परवानाधारक पालकाकडे जास्तीत जास्त बारा मुलं देता येतात. तीन वर्षं मीही तो परवाना घेऊन हेच केलं. उंदीर झालेल्या बारा पोरांना वेळेवर शौचालयात नेणं यावर वेगळं लिहीन कधीतरी.

मला सांगायचंय ते गाय विकण्याच्या प्रवेशाबद्दल.

पँटोत रंगमंचाच्या दोन बाजू ठरलेल्या असतात. परी नटाच्या उजव्या हाताकडून येते, खलपुरुष डाव्या हाताकडून. फार जुना संकेत, आणि आम्ही तो कधीच मोडत नाही. आमच्या गाईचा गोठा उजवीकडे. पहिल्या अंकाच्या शेवटापर्यंत ती डावीकडे पाऊल टाकत नाही. मग राक्षसाचा हस्तक फ्लेशक्रीप थकलेल्या भाड्यासाठी दारात उभा राहतो, घरात विकण्यासारखी एकच वस्तू असते, आणि जॅक तिला बाजाराकडे नेतो. डावीकडे. ही बाजू वाईट आहे असं पोरांना कुणीच सांगितलेलं नसतं. तरी गाईचं तोंड तिकडे वळलं की सभागृहात एक वेगळीच शांतता पसरते. ती मला आतून ऐकू येते.

मूळ संहितेत इथे डेमच्या तोंडी सहा विनोद होते, पाठोपाठ. मी दिग्दर्शिकेला आमच्या ढवळीची गोष्ट सांगितली. मी नऊ वर्षांची असताना आजोबांनी ढवळी विकली. घेणाऱ्यानं येताना स्वतःची दोरी आणली होती. आजीनं ढवळीच्या गळ्यातलं आमचं दावं सोडलं, ती नवी दोरी बांधू दिली, आणि दावं हातात घेऊन ती अंगणात उभी राहिली. ढवळी वळणापलीकडे गेल्यावरही बराच वेळ. पुढे ते दावं गोठ्यातल्या खुंटीवर तसंच होतं, दुसरी गाय आली तरी तिला नवं आणलं.

दिग्दर्शिकेनं सहा विनोदांतले चार काढले. तिनं प्लंबरला एवढंच सांगितलं, की गळ्यातली दोरी सोड आणि तुझ्याकडे ठेव. जॅक दुसरी लावेल. ती गेल्यावर तू त्या दोरीचं काय करायचं ते मी सांगणार नाही.

तो काय करायचा ते मला कधी दिसलं नाही. सहाही प्रयोगांत मी कातड्याच्या आत, डाव्या विंगेकडे चाललेली. बाकीच्यांनी सांगितलं त्यावरून, तो काहीच करत नसे. आपल्या फावड्यासारख्या हातांत दोरी धरून, लालभडक गालांनी, बघत राहायचा.

माझ्या वाट्याला आलं ते निघून जाणं. गाय विंगेत जाते तेव्हा आधी डोकं जातं, मग पुढचे पाय. शेवटपर्यंत दिसत राहते ती मी. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. विकल्या गेलेल्या गाईचं दुःख डोळ्यांत दाखवायला पुढचीकडे पापण्यांची दोरी आहे, माझ्याकडे दोन पाय आणि एक शेपूट. बरंच काही करून पाहिलं. पाय ओढत चालले तर गाय लंगडी वाटे. शेपूट हलवली तर लोक हसत. शेवटी सापडलं ते एवढंच: शेवटचं पाऊल उचलायचं आणि लगेच टेकायचं नाही. एक मात्रा तसंच अधांतरी ठेवायचं, मग टेकायचं आणि जायचं. जनावर ओळखीची जागा सोडताना असं थांबतं. ढवळी आमच्या फाटकाशी अशीच थांबली होती.

गुरुवारी पापणीची दोरी तुटली. गाईचा डावा डोळा अर्धा मिटलेला राहिला तो राहिलाच. मला काही माहीत नव्हतं, पट्ट्यातून एवढंच कळलं की पुढची घाबरली आहे. तेवढ्यात डेमचा आवाज आला, "बघा हो मुलांनो, काळजीनं रात्रभर झोपली नाही ही!" आणि पट्टा सैल झाला. मध्यंतरात सुईदोरा घेऊन आमच्या वेशभूषावालीनं सात मिनिटांत डोळा दुरुस्त केला.

शनिवारी सकाळी अकराचा प्रयोग वेगळा असतो. ज्या मुलांना अंधार, मोठे आवाज, अचानक होणाऱ्या गोष्टी सहन होत नाहीत, त्यांच्यासाठीचा. सभागृहातले दिवे पूर्ण मालवत नाहीत, दारं उघडी असतात, आवाज कमी ठेवतो, परीच्या येण्याचा धमाका काढून टाकतो. कुणाला उठून फिरावंसं वाटलं तर फिरायचं. आणि सुरू होण्याआधी सगळी पात्रं एकेक करून पुढे येतात आणि आपण कोण, काय करणार, ते सांगतात. फ्लेशक्रीप आपला मुखवटा काढून चेहरा दाखवतो. आम्ही दोघी साध्या कपड्यांत, हातांवर रिकामं कातडं घेऊन गेलो. चेन कशी उघडते, दोऱ्या कुठे आहेत, मी कुठे वाकते, सगळं दाखवलं.

कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन घातलेला एक सात-आठ वर्षांचा मुलगा अगदी जवळ आला. कातड्यावर हात ठेवून त्यानं विचारलं, "मग गाय आता कुठे आहे?"

पुढची म्हणाली, "आम्ही आत गेलो की येईल."

त्यानं मान डोलावली. आम्ही आत शिरलो तेव्हा तो चेनपाशी बसून ती शेवटपर्यंत लागताना बघत होता. उजेडाच्या त्या रेघेत मला त्याचे बूट दिसत होते.

मला आमच्या देवळामागची पडवी आठवली. जत्रेच्या रात्री दशावतारी तिथे रंगायला बसायचे. तेही हेच महिने, कार्तिकापासून पुढचे. आम्ही पोरं समोर बसून बघायचो. एक काका आरशात बघत दाढी घोटायचे, चेहऱ्यावर पिवळसर रंग चढवायचे, भुवया कोरायचे, आणि मधे थांबून बिडी ओढायचे. आजी त्यांना चहा नेऊन द्यायची. मध्यरात्रीनंतर तेच काका राणी होऊन वनात एकटे रडायला लागले की आजी पदरानं डोळे पुसायची. चहाचा कप अजून पडवीत पडलेला असायचा. सगळं उघड्यावर पाहिलेलं असूनही ते कसं होतं, हे मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नव्हतं.

शनिवारी विक्रीचा प्रवेश आला. जॅकनं नवी दोरी लावली, आम्ही निघालो, चार पावलं गेलो आणि पुढची थांबली. पांढऱ्या टाचा जागच्या जागी. मी पट्टा धरून उभी. बाहेर शांतता, मग एका मुलाचा आवाज, बराच जवळून. शब्द मला कळले नाहीत. मग डेमचा आवाज, पण तो डेमचा नेहमीचा नव्हता, प्लंबरचा होता, हळू. मग टाचा हलल्या, मी पाऊल उचललं, एक मात्रा थांबले, आणि गेलो.

विंगेत चेन उघडल्यावर पुढचीनं सांगितलं. तो मुलगा रंगमंचाच्या कडेपर्यंत आला होता. जॅकला म्हणाला, "हिला नेऊ नकोस. हिच्या आत दोघी राहतात." प्लंबर झगा सावरत कडेवर गुडघे टेकून बसला आणि त्यानं ते दावं त्या मुलाच्या हातात दिलं. "ती परत येईपर्यंत तू सांभाळशील?" असं विचारलं.

दुसऱ्या अंकात राक्षसाच्या मुदपाकखान्यात गाय सापडते आणि डेम तिच्या गळ्यात दोरी परत बांधते. मध्यंतरात त्या मुलानं दोरी कुणालाही दिली नव्हती, आइस्क्रीम एका हातानं खाल्लं. आता तो पायऱ्या चढून स्वतः वर आला. मला पुन्हा त्याचे बूट दिसले, पुढचीच्या पायांपाशी. बांधायला वेळ लागला. वादक तेच चार स्वर फिरवून फिरवून वाजवत राहिला. मग गळ्याशी दोनदा ओढ बसली, गाठ पक्की आहे का ते बघणारी. ती ओढ पुढचीच्या अंगातून पट्ट्यात आली आणि पट्ट्यातून माझ्या हातांत.

रविवारचा शेवटचा प्रयोग भरगच्च झाला. पँटोच्या शेवटच्या दोन यमकी ओळी तालमीत कुणीही म्हणायच्या नसतात, अपशकुन मानतात. म्हणून तीन महिने परी तिथे येऊन नुसती हात हलवून गप्प व्हायची. बुधवारी पहिल्यांदा ती यमकं ऐकली, रविवारी शेवटचं ऐकलं. त्याआधी पुढचा पडदा टाकून, त्यावर गाण्याचे शब्द सोडून डेम सगळ्या सभागृहाला गायला लावते. तेवढ्या वेळात पडद्यामागे राक्षसाचं घर मोडून राजवाडा उभा राहतो. मला हा भाग फार प्रिय आहे. पुढे एकशेसाठ माणसं बेसूर गातायत आणि मागे आम्ही अनवाणी, श्वास रोखून जिना उचलतोय.

साडेपाचला आवरायला घेतलं. सोमवारी सकाळी सभागृहात वृद्धांची व्यायामाची शिकवणी असते, तोवर जमीन लख्ख हवी. वेल कप्पीवरून उतरवला, गुंडाळला. साबणाचा फेस फळ्यांच्या फटीत जातो, तो सुरीनं काढावा लागतो. गाय उलटी करून दोन खुर्च्यांवर पसरली आणि अस्तरावर वोडका आणि पाण्याचा फवारा मारला. घामाच्या वासावर याइतकं चांगलं काही नाही, हे इथल्या प्रत्येक वेशभूषावालीला माहीत असतं. अस्तर ओलं असेपर्यंत नाव लिहिता येत नाही, म्हणून आम्ही दोघी वाट बघत बसलो.

दिग्दर्शिका पुढच्या वर्षीची संहिता वाटत फिरत होती. सिंड्रेला. त्यात गाय नाही, रथाचा घोडा आहे.

पुढचीनं पानं चाळली, घोड्याचा पहिला प्रवेश काढला. घोडा तबेल्यात बसलेला आहे आणि बटन्स, सिंड्रेलाच्या घरचा नोकर, त्याला उठवतो.

"घोडा पुढून उठतो ना?" तिनं विचारलं.

"पुढून."

"म्हणजे आता मी आधी," ती म्हणाली, आणि आम्ही लगेच ठरवलं, जानेवारीत कुठे घोडे बघायला जायचं ते.